पँथरच्या पोटी जन्मलेला तुपाक

अमेरिकेतील रॅप गायकांचे नाव निघाले की आपल्याकडील शिकलेसवरलेले लोक नाक मुरडतात. गळ्यात सोन्याच्या साखळ्या, तोंडात शिव्या, अंगभर गोंदण, हे कसले गाणे, असा त्यांचा सवाल असतो. नेमक्या याच नाकांनी १९७२ साली नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'कडेही पाहिले होते. तेव्हा नाक मुरडणाऱ्यांची आम्हाला फिकीर नाही. मात्र आपल्या वस्तीतील तरुण पोरे मोबाइलवर ज्याची गाणी ऐकतात, ज्याचे चित्र छातीवर छापलेले बनियन घालून फिरतात, तो तुपाक शकूर कोण होता, हे त्या पोरांनाही कुणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

१९६६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली. त्याच नावावरून १९७२ साली मुंबईत ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर उभी केली, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायला नको. तुपाक हा त्या मूळ पँथरचा मुलगा. अक्षरशः मुलगा!

त्याच्या आईचे मूळ नाव अ‍ॅलिस फे विल्यम्स. नॉर्थ कॅरोलिनातील लंबरटन गावी १९४७ साली त्यांचा जन्म झाला. न्यूयॉर्कमध्ये त्या पँथरमध्ये दाखल झाल्या आणि अफेनी शकूर झाल्या. एप्रिल १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या २१ पँथर कार्यकर्त्यांवर मोठी दुकाने आणि पोलीस ठाणी बॉम्बने उडवण्याचा कट रचल्याचा आरोप ठेवण्यात आला. जामीन किती? माणशी एक लाख डॉलर! ज्या संघटनेचे कार्यकर्ते गरीब मुलांना सकाळची न्याहारी फुकट वाटत होते, त्यांनी एवढे पैसे आणायचे कोठून? खटला महिनोन् महिने चालला. अफेनी यांनी वकील घेतला नाही. कायद्याचे शिक्षण नसलेली, दिवस गेलेली ही तरुणी न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडत होती. पँथरमध्ये पेरलेल्या पोलीस हेराची उलटतपासणी तिने स्वतः घेतली. मे १९७१ मध्ये ज्यूरीने साऱ्या आरोपींना सर्वच्या सर्व १५६ आरोपांतून निर्दोष सोडले. महिनाभराने, १६ जून १९७१ रोजी, ईस्ट हार्लेममध्ये मुलगा झाला. खटल्याच्या काळात काही दिवस तुरुंगाची भिंत या मुलाने आईच्या पोटातूनच भोगली होती.

जन्माच्या वेळचे त्याचे नाव वेगळे होते. आईने ते बदलून तुपाक अमारू ठेवले. पेरू देशात स्पॅनिश सत्तेविरुद्ध मूलनिवासींचे बंड उभारणारा आणि १७८१ साली हालहाल करून मारला गेलेला दुसरा तुपाक अमारू, त्याचे हे नाव. १९५६ नंतर आपल्या घरांतून दगडू, धोंडू, कचरू ही नावे जाऊन गौतम, सिद्धार्थ, राहुल आले, त्यामागची जिद्द ज्यांना ठाऊक आहे त्यांना या नामकरणाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

या पोराच्या भोवतीची माणसे पाहा. त्याचा धर्मपिता जेरोनिमो प्रॅट हा पँथरचा पुढारी. खुनाच्या आरोपाखाली २७ वर्षे तुरुंगात राहिला आणि १९९७ साली ती शिक्षा न्यायालयाने रद्द केली. सावत्र बाप मुतुलू शकूर. चिलखती गाडीवरील १९८१ च्या दरोड्याच्या प्रकरणात एफबीआयच्या सर्वांत हव्या असलेल्या दहा जणांच्या यादीत त्याचे नाव होते. १९८६ साली पकडला गेला आणि सुटला तो थेट २०२२ च्या अखेरीस, मरणाच्या दारात असताना. अस्साता शकूर ही घरातलीच. ती १९७९ साली तुरुंगातून निसटली, पुढे क्युबात आश्रयाला राहिली आणि २०२५ साली हवानातच वारली. शिकागोचा फ्रेड हॅम्प्टन तर १९६९ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, पोलिसांच्या गोळ्यांनी पहाटेच्या अंधारात घरातच मारला गेला. पँथरमध्ये फूट पाडणे, खोटी पत्रे पाठवून एकमेकांत संशय पेरणे, हेर घुसवणे यासाठी एफबीआयची स्वतंत्र मोहीमच होती. म्हणजे तुपाक वाढला तो चळवळीत नव्हे, चळवळीच्या अवशेषांत.

आमच्या मते त्याच्या साऱ्या आयुष्याचे मर्म येथे आहे. चळवळ मोडली की पुढाऱ्यांचे काय होते हे इतिहासात लिहिले जाते. पोरांचे काय होते? अफेनी यांना पुढे नीट रोजगार मिळाला नाही. घरे बदलत राहिली, भाडे थकत राहिले. तशातही त्यांनी मुलाला नाटकमंडळीत घातले. बारा-तेरा वर्षांचा असताना हार्लेमच्या अपोलो थिएटरात 'अ रेझिन इन द सन' या नाटकात तो उभा राहिला. तो प्रयोग जेसी जॅक्सन यांच्या निवडणूक निधीसाठी होता. नंतर बाल्टिमोरच्या कलाशाळेत तो अभिनय, कविता आणि बॅले नृत्य शिकला. होय, बॅले! ज्याला वर्तमानपत्रांनी पुढे निव्वळ गुंड म्हणून रंगवले, तो शेक्सपिअरची नाटके मनापासून करणारा विद्यार्थी होता.

१९८८ साली कुटुंब कॅलिफोर्नियातील मरिन सिटीला गेले आणि तेथे आई क्रॅक कोकेनच्या आहारी गेली. एकेकाळी सरकारी हेराला साक्षीच्या पिंजऱ्यात घाम फोडणारी बाई! पण हे एका बाईचे दुबळेपण समजू नये. त्या दशकात काळ्यांच्या वस्त्यावस्त्यांत हे स्वस्त विष पसरले होते आणि सरकारने इलाज शोधला तो तुरुंगाचा. १९८६ च्या कायद्यानुसार ५ ग्रॅम क्रॅक सापडले तर किमान पाच वर्षे कैद. गोऱ्या श्रीमंतांच्या पार्ट्यांतील भुकटी कोकेनसाठी तेवढीच शिक्षा व्हायला ५०० ग्रॅम लागत. एकास शंभर! २०१० साली हे प्रमाण एकास अठरावर आणले गेले. मनूच्या दंडविधानात वर्ण पाहून शिक्षा होती, येथे पुडीतील माल पाहून.

तुपाकची शाळा अर्धवट सुटली. 'डिजिटल अंडरग्राउंड' या गायकमंडळीबरोबर तो सामान वाहणारा आणि मागे नाचणारा म्हणून फिरला. १९९१ च्या नोव्हेंबरात त्याची पहिली ध्वनिफीत आली, '२पॅकॅलिप्स नाऊ'. तिच्यातील 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' हे गाणे त्याने वर्तमानपत्रातील एका बातमीवरून रचले. बारा वर्षांची मुलगी, तिला दिवस गेलेले, घरात कुणाचे लक्ष नाही. मूल जन्मताच ती ते कचऱ्यात टाकते, रडणे ऐकून परत उचलते, घराबाहेर काढली जाते, देहविक्रय करते आणि मारली जाते. या गाण्यात पालुपदापुरतेच सूर आहेत, बाकी सलग सांगत जाणे आहे. आपल्या शाहिरांचा पोवाडा असाच चालतो, फक्त येथे पोवाडा वीराचा नाही, कचऱ्याच्या डब्याशेजारी उभ्या पोरीचा आहे. तिला तो दूषण देत नाही. एका मुलीचे दुःख साऱ्या वस्तीचे कसे होते, हे तो विचारतो. वीस वर्षांच्या पोराने!

ती फीत बाजारात येण्याच्या महिनाभर आधी ओकलंडच्या पोलिसांनी रस्ता चुकीच्या जागी ओलांडला म्हणून त्याला खाली पाडून मारले. ज्या शहरात पोलिसांवर नजर ठेवण्यासाठी पँथर जन्मली, त्याच शहरात, पंचवीस वर्षांनी! त्याने एक कोटी डॉलरचा दावा लावला आणि तडजोडीत त्यातला अगदी किरकोळ हिस्सा पदरात पडला. पुढच्या वर्षी टेक्सासमध्ये एका तरुणाने पोलिसाला गोळी घातली. त्याच्या गाडीत तुपाकची फीत वाजत होती, एवढ्यावरून उपराष्ट्राध्यक्ष डॅन क्वेल यांनी या ध्वनिफितीला समाजात जागा नाही असा निवाडा दिला. वस्तीतल्या भुकेला समाजात जागा होती, तिच्या वर्णनाला नव्हती.

मात्र येथे आम्ही वाचकांपुढे दुसरी बाजूही ठेवणार आहोत. झाकपाक करून महापुरुष बनवण्याचा धंदा आपला नव्हे. १९९३ साली तुपाकने 'कीप या हेड अप' हे गाणे काळ्या स्त्रियांसाठी गायिले. ते अर्पण केले होते लताशा हार्लिन्सला. १५ वर्षांची ही मुलगी १९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये संत्र्याच्या रसाच्या एका बाटलीवरून दुकानदार बाईच्या गोळीने मेली आणि त्या बाईला एक दिवसाचीही कैद झाली नाही. स्त्रीच्या सन्मानाचे इतके सरळ गाणे गाणारा हाच तुपाक त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातील प्रकरणात १९ वर्षांच्या तरुणीवरील लैंगिक अत्याचाराचा आरोपी झाला. डिसेंबर १९९४ मध्ये अधिक गंभीर आरोपांतून तो सुटला, पण लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. दीड ते साडेचार वर्षांची शिक्षा झाली. आपण निर्दोष आहोत असे तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. चाहते आजही हे प्रकरण कटाच्या खात्यात टाकून मोकळे होतात. आम्हाला ते मान्य नाही. पोलिसांनी पँथरला खोटे गोवले, हा इतिहास खरा आहे. त्या इतिहासाच्या आडोशाने एका तरुणीची तक्रार फेकून देता येत नाही. ती तरुणीही कुणाची तरी ब्रेंडाच होती.

निकालाच्या आदल्याच दिवशी मॅनहॅटनमधील ध्वनिमुद्रण केंद्राच्या दारात त्याला पाच गोळ्या लागल्या होत्या. चाकाच्या खुर्चीत बसून तो न्यायालयात आला. तुरुंगात असतानाच मार्च १९९५ मध्ये 'मी अगेन्स्ट द वर्ल्ड' आली आणि पहिल्याच आठवड्यात देशात पहिल्या क्रमांकावर गेली. कैदेतील गायकाचा असा मान यापूर्वी कुणाला मिळाला नव्हता. तिच्यात 'डिअर मामा' आहे. आईच्या व्यसनाची लाज न लपवता तिच्या कष्टांचे ऋण मानणारे हे गाणे आमच्या मते त्याचे सर्वोत्तम. २०१० साली अमेरिकेच्या संसद ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून त्याची नोंद केली.

पुढे बाजाराने त्याला गाठले. 'डेथ रो' या कंपनीच्या मालकाने, शुग नाइटने, चौदा लाख डॉलरचा जामीन उभा केला आणि बदल्यात तीन ध्वनिफितींचा करार लिहून घेतला. ऑक्टोबर १९९५ मध्ये तुपाक बाहेर आला, फेब्रुवारी १९९६ मध्ये २७ गाण्यांची 'ऑल आइज ऑन मी' आली आणि तुफान खपली. त्यातला बराचसा भाग पैसा, बायका आणि धमक्यांचा आहे. पूर्व किनाऱ्याचे काळे आणि पश्चिम किनाऱ्याचे काळे एकमेकांना संपवण्याची भाषा करू लागले आणि कंपन्यांच्या तिजोऱ्या भरू लागल्या. एफबीआयला खोटी पत्रे पाठवून जे करावे लागले होते, ते बाजाराने नफा कमावून केले.

त्याच्या पोटावर 'ठग लाइफ' असे गोंदलेले होते. हा 'ठग' आपल्याकडचाच, वाचकहो! हिंदी-मराठीतून इंग्रजीत गेलेला. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी ठगांच्या बंदोबस्ताचे खातेच काढले, नंतर १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मल्या लेकराच्या कपाळी गुन्हेगाराचा शिक्का मारला. कैकाडी, पारधी, कंजारभाट यांनी सोलापूरच्या सेटलमेंटची तारेची कुंपणे भोगली. तो शिक्का कायद्याने पुसला गेला १९५२ साली. पण शिवी गेली नाही. मग १९८७ साली लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' ही शिवीच आपल्या आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर ठेवली. तुपाकने तेच पोटावर केले. त्या इंग्रजी अक्षरांचा त्याने अर्थही लावला होता: लहान लेकरांत जो द्वेष भराल तो शेवटी साऱ्यांनाच खाईल, अशा आशयाचा.

७ सप्टेंबर १९९६ रोजी लास वेगासमध्ये माइक टायसनची झुंज पाहून परतताना सिग्नलला थांबलेल्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. सहा दिवसांनी, १३ सप्टेंबरला, तो वारला. वय २५. पुढच्या मार्चमध्ये त्याचा प्रतिस्पर्धी बिगीही तसाच मारला गेला, वयाच्या २४ व्या वर्षी. तुपाकच्या खुनात पहिली अटक व्हायला २०२३ उजाडले. म्हणजे २७ वर्षे, जेरोनिमो प्रॅट जेवढी आत होता तेवढीच.

आपल्याकडेही १९७४ च्या वरळी दंगलीत भागवत जाधव गेले, नंतर फाटाफूट झाली, आणि अनेक छावण्यांचे घर बंद पडले. त्या कार्यकर्त्यांची मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. कुणी अधिकारी झाले, कुणी दारूत गेले. त्यांची नोंद कुणी ठेवली आहे काय? त्यांच्यातील एखाद्याने डफ किंवा माइक हाती घेतला, तर त्याला वस्तीचे सभागृह मिळते की कुण्या नगरसेवकाची दहीहंडी?

अफेनी शकूर व्यसनातून बाहेर आल्या होत्या. मुलगा गेल्यावर त्याच्या गाण्यांचे हक्क त्यांनी लढून राखले आणि १९९७ साली त्याच्या नावे प्रतिष्ठान काढले. २००५ साली त्यांनी मुलांसाठी नाट्य आणि कलेचे केंद्र उघडले ते जॉर्जिया राज्यातील स्टोन माउंटन येथे, जेथे १९१५ साली डोंगरावर क्रॉस पेटवून कू क्लक्स क्लॅनने दुसरा जन्म घेतला होता. २०१६ साली त्या वारल्या. २०२३ च्या नोव्हेंबरात ओकलंडने आपल्या एका रस्त्याच्या तुकड्याला तुपाकचे नाव दिले.