हिमालयातून उतरलेली गुहा

पॅसेंजर एरवी दरेकसाला जेमतेम टेकते आणि निघते. आज माघ पौर्णिमा, गोंडांची कचारगड यात्रा. गार्ड हिरवा झेंडा हातात घेऊन उभाच आहे आणि डब्यांतून माणसं उतरतच आहेत. पिवळे फेटे, पिवळे गमछे, हळदीच्या रंगाची लुगडी. एक ढोल दारातून निघेना म्हणून तिरका करून, दोघांच्या डोक्यावरून बाहेर येतो. ढोलामागून त्याचा म्हातारा मालक उतरतो आणि फलाटावर पाय ठेवण्याआधी वाकून मातीला हात लावतो. "सेवा जोहार!" कुणीतरी ओरडतं. उत्तर सगळ्या फलाटावरून येतं.

महाराष्ट्र इथं संपत आला आहे. पुढं बोगदा, मग छत्तीसगडातलं बोरतलाव, आणि डोंगरगड लागलं की बमलाई देवीचा डोंगर. नागपूर–छत्तीसगड रेल्वेचे रूळ 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला या जंगलातून राजनांदगावला पोचले. पेपर वाचणाऱ्यांना दरेकसा आठवतं ते नक्षल्यांच्या 'दरेकसा दलम'मुळं, आणि गोंदियाकडच्या पोरांना हाजरा फॉलमुळं. धबधब्याची खरी ऐट पावसाळ्यात. आज त्याची चौकशी कुणी करत नाही.

स्टेशनाबाहेर जीपवाले "धनेगाव, धनेगाव" करतात. आमच्या जीपमध्ये मोजायला नको इतकी माणसं आहेत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापलेल्या बांध्या, त्यांत लाखोळी. मधूनच एखादी बोडी आणि तिच्या पाळीवर बसलेले बगळे. समोर मंडल्याकडचं एक जोडपं, शेजारी देवरीचे एक गुरुजी. बसल्या बसल्या गुरुजी त्या माणसाला विचारतात, "कितने देव?" तो म्हणतो, "सात." गुरुजी सहा देवांचे. दोघंही हसतात आणि लगेच मोकळे होतात, कारण सहा आणि सात देवांच्या घरांत सोयरीक जमते. एकाच संख्येचे देव असणारे भाऊभाऊ, त्यांच्यात लग्न नाही. मग आडनावं निघतात, मग कुणाची कोण कुठं दिली ते निघतं. धनेगाव येईपर्यंत मंडल्याच्या त्या बाईला देवरीत एक लांबची आत्या सापडलेली असते. गुरुजी माझ्याकडं वळतात. "तुम्ही कोठचे जी?" मी सांगतो. देवांचं ते विचारत नाहीत.

धनेगावात जत्रा पसरली आहे. आलूबोंड्यांच्या कढया, मुरमुरे-चणे, कॅलेंडरं, सातरंगी झेंडे, बांबूची सुपं आणि टोपल्या. कोंडागावकडून आलेला एक घडवा कारागीर कापडावर पितळेचे हत्ती, घोडेस्वार, मोर मांडून बसला आहे. दुपारपर्यंत गिऱ्हाईक नाही, तेव्हा बोलायला सवड आहे. मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचे दोरे गुंडाळून अंगरखा, दागिने, डोळे काढायचे, वरून पुन्हा माती लिंपायची. भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्याच्या जागी पितळ ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, त्यामुळं प्रत्येक हत्ती एकुलता एक. मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीची आहे, हे त्याला शहरातल्या कुठल्याशा प्रदर्शनात कळलं. "मग तुमचे भाव काहून वाढले नाहीत?" गुरुजी विचारतात. तो हत्ती पुसत राहतो.

चढ धनेगावातून सुरू होतो. आधी काली कंकाली देवीचं ठाणं, तिथं वाकून पुढं जायचं. साग, ऐन, तेंदू आणि बांबू यांच्यातून वाट वर जाते. काही ठिकाणी पायऱ्या, काही ठिकाणी नुसते दगड. कड्याला आग्या मोहोळं लटकलेली आहेत. अगरबत्ती, बिडी पेटवू नका, असं स्वयंसेवक पोरं ओरडून सांगतात. वाटेतला एक फलक सांगतो की ही आशियातली सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा आहे. व्हिएतनाममधली सोन डूंग जगात सर्वांत मोठी मानतात, आणि व्हिएतनामही आशियातच आहे. पण आशिया खंडात आपण कितवे याची फिकीर या चढावर धापा टाकणाऱ्या कुणालाच नाही, फलक लिहिणाऱ्याला तेवढी आहे.

मग झाडं संपतात आणि डोंगर तोंड उघडतो. एवढी माणसं आत जाऊनही गुहा भरत नाही. खडकातून पाणी झिरपतंय, वटवाघळांचा उग्र वास आहे. छताला पडलेल्या भगदाडातून उन्हाचा एक झोत तिरपा खाली येतो आणि धूळ, धूर, पिवळे फेटे असं जे जे त्यात सापडेल ते उजळतं. कळस नाही, गाभारा नाही. शेंदूर लावलेले दगड, झेंडे, हळदीचे तांदूळ, आणि वाद्यं. ढोल इथं नुसते वाजत नाहीत, छातीत वाजतात. बायकांनी एकमेकींच्या कमरेत हात गुंफून 'रेला'चा फेर धरला आहे.

एक आजोबा नातवाला दगड दाखवत कथा सांगताहेत. काली कंकालीची पोरं फार दांडगी झाली म्हणून शंभूनं त्यांना या गुहेत कोंडलं, तोंडावर शिळा लावली. जंगो रायताड त्यांच्यासाठी तळमळली. पारी कुपार लिंगो आला. त्याच्यासोबत हिरासुका पाटालीर होता, किंगरी वाजवणारा. त्याच्या सुरांनी आतल्या पोरांच्या अंगात बळ आलं, शिळा ढळली, पोरं सुटली. आणि गडगडणाऱ्या शिळेखाली तो वाजवणारा चिरडून गेला. नातू विचारतो, "मग किंगरी?" आजोबा क्षणभर अडतात. "ती पण गेली असेल ना रे."

ही कथा कागदावर फार आधी आली आहे, पण वेगळ्या पत्त्यासह. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोचं गाणं उतरवून घेतलं होतं. ते 1863 मध्ये बुडून वारले आणि रिचर्ड टेंपलनं त्यांचे कागद 1866 मध्ये छापले. त्या गाण्यात गोंडांना कोंडून ठेवलेली गुहा हिमालयात, धवलगिरीवर आहे. चौघं तेवढे निसटतात आणि काचिकोपा लोहागडाला येतात, म्हणजे लोखंडाच्या खोऱ्यात, तांबड्या डोंगरात. शंभरेक वर्षांनी गोंड समाजातल्याच अभ्यासकांनी या नावांचा माग काढला. नागपूरचे मोतीरावण कंगाली त्यांतले एक. काचिकोपा लोहागड म्हणजे हाच कचारगड, असं त्यांनी मांडलं आणि गुहाही हिमालयातून इथं उतरली. 1980 च्या दशकात मोजक्या माणसांनी सुरू केलेल्या यात्रेला आज मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशाकडून गर्दी लोटते. म्हणजे खालचे रूळ या यात्रेहून शंभर वर्षांनी जुने आहेत! इतिहासाचे काटेकोर अभ्यासक यावर नाक मुरडतील. मला त्यात खोट दिसत नाही. कुठल्याही तीर्थाला कधीतरी पहिली गर्दी झालेलीच असते. ती पाहिलेली माणसं बहुतेक ठिकाणी उरलेली नसतात, इथं ती अजून झाडाखाली बसून पानतंबाखू खाताना भेटतात.

खाली उतरेपर्यंत ऊन कलतं. मंडपात भाषणं सुरू आहेत. गोंडी आठव्या अनुसूचीत घ्या, शाळेत शिकवा. 2011 च्या जनगणनेत सुमारे 30 लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. मागणी चोख आहे, पण वक्ता बोलतोय हिंदीत. त्याचाही इलाज नाही: आदिलाबादची गोंडी बस्तरच्या माणसाला पुरती कळत नाही, आणि भंडाऱ्याकडच्या कितीतरी घरांतून ती दोन पिढ्यांपूर्वीच उठून गेली आहे.

मंडपाशेजारी पुस्तकांचं दुकान आहे. कंगालींची पुस्तकं, बडादेवाचे फोटो आणि गोंडी लिपीची अंकलिपी. शेजारच्या बालाघाटचे मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली ही लिपी. दुकानासमोर कॉलेजातली तीन पोरं उकिडवी बसून अंकलिपीत बघून एकमेकांच्या मनगटावर बॉलपेननं नावं लिहिताहेत. एकाचा 'म' चुकतो. दुकानदार चष्म्यावरून पाहतो, पेन मागून घेतो, पोराच्या मनगटावर अक्षर नीट काढून देतो. दुसराही हात पुढं करतो, मग तिसरा.

"झाले का सगळ्यांचे?" दुकानदार पेन परत करतो. "आता एखादं पुस्तक तरी घ्या ना जी, मनगट धुतलं की अक्षर जाते."

तिघं मिळून एक घेतात. ते कुणाकडं राहणार यावरून वाद सुरू होतो.