आपल्या मालाची ओळख

दोन वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मजकडे आला. सोलापुरांत त्याचें शेंगदाण्याच्या चटणीचें लहानसें दुकान आहे. "गुरुजी, शेजाऱ्यानें भाव उतरविला आहे. मीहि किलोमागें वीस रुपये कमी करूं काय?" असा त्याचा प्रश्न होता. दुकानासाठीं पत्नीचे दागिने गहाण पडलेले. तेव्हां प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मीं पस्तीस वर्षें मुलांना हिशेब शिकविला. संवयीप्रमाणें कागद पुढें ओढला. त्याला एक किलो चटणी २०० रुपयांस पडे व ती तो २४० रुपयांस विकी. म्हणजे नफा ४० रुपये. भाव २० रुपयांनीं उतरविला कीं नफा निम्मा झाला. पूर्वीइतकीच मिळकत हवी असेल, तर दुप्पट माल खपला पाहिजे. शेजाऱ्यानें आणखी २० रुपये उतरविले, तर त्याच्या मागें जाणाऱ्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. मग मनुष्य दाण्यांत काटकसर करतो, खंवट दाणेहि चालवून घेतो, आणि गिऱ्हाईक कायमचें दुरावतें. ही शर्यत ज्याची थैली मोठी तोच जिंकतो.

मीं त्याला उलट विचारलें, "डोळे मिटून खाल्ली, तर तुझी चटणी कोणाला ओळखूं येईल काय?" तो गप्प राहिला. पुढें बोलण्यांत असें निघालें कीं, त्याची आई चटणी उखळांत कुटीत असे. वेळ वाचावा म्हणून त्यानें यंत्र घेतलें होतें. कुटतांना दाणा दाबला जाऊन त्याचें तेल सुटतें; तिखट, लसूण व जिरें त्यांत मुरतात, आणि चटणी ओलसर होते. यंत्राच्या पात्यानें दाणा कापला जातो. तेल तितकें सुटत नाहीं व भुगा कोरडा राहतो. जें त्याचें स्वतःचें होतें, तेंच त्यानें टाकून दिलें होतें.

मात्र वेगळेपणा म्हणजे केवळ निराळें नांव किंवा रंगीत वेष्टन नव्हे. तो जिभेला कळला पाहिजे, गिऱ्हाइकाला हवासा वाटला पाहिजे, आणि रोज तसाच राहिला पाहिजे. आज तिखट, उद्यां आळणी अशा मालाची ओळख पटत नाहीं. शिवाय तो खरा असला पाहिजे. घटक पदार्थ, वजन व तारीख वेष्टनावर छापणें कायद्यानेंच आवश्यक आहे. तेथें "कुटलेली" लिहून यंत्राची चटणी विकणें ही शुद्ध फसवणूक होय.

या बाबतींत लिज्जत पापडाचें उदाहरण मननीय आहे. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईस गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशीं अवघे चार पुडे झाले. प्रारंभीं त्या दोन प्रतींचे पापड करीत. हलकी प्रत स्वस्त विकावी, असा विचार होता. त्यांचे हितचिंतक छगनलाल करमसी पारेख यांनीं सांगितलें कीं, एकच उत्तम प्रत ठेवा आणि तींत कधीं तडजोड करूं नका. पीठ एके ठिकाणीं मळून लाटण्यासाठीं घरोघर नेण्याची पद्धत त्यांनीं पुढें रूढ केली. त्यामुळें हात अनेक, पण चव एक राहिली. आज त्या कामावर हजारों स्त्रियांचे संसार चालतात.

माझ्या विद्यार्थ्यानें पुन्हां उखळ मांडलें. कुटण्याची मजुरी वाढल्यामुळें भाव उतरविण्याऐवजीं थोडा चढवावा लागला. पहिले दोन महिने खप घटला, आणि त्या दिवसांत मलाहि स्वस्थ झोंप लागली नाहीं; सल्ला माझा होता, दागिने त्याचे होते. दिवाळीच्या सुमारास जुनीं गिऱ्हाइकें परत येऊं लागलीं. दागिने गेल्या वर्षीं सुटले. दुकान मोठें झालेलें नाहीं. परंतु तें चालतें, आणि शेजाऱ्याचा आजचा भाव काय, हें विचारण्याची गरज त्याला उरलेली नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांचा असा लहान धंदा असेल, त्यांनीं आज रात्रीं आपला एक घांस व शेजाऱ्याचा एक घांस डोळे मिटून चाखून पाहावा. फरक कळला नाहीं, तर उद्यांचें काम तेथूनच सुरू करावें.