तापला की उघडणारा स्विच

रुग्णालयातलं एमआरआय यंत्र शेवटचा रुग्ण घरी गेल्यावरही चुंबक म्हणून जागंच असतं. संगणक बंद होतो, दिवे मालवतात, पण त्या नळकांड्यातलं चुंबकक्षेत्र तसंच राहतं. गंमत अशी की ते टिकवायला चुंबकाला बाहेरून वीज लागत नाही. यंत्र बसवताना भरलेला शेकडो अँपिअरचा प्रवाह अतिवाहक, म्हणजे विजेला रोध न करणाऱ्या, तारेच्या वेटोळ्यात फिरत असतो. लायडनमध्ये कामरलिंग ओन्स यांनी 1914 साली शिशाच्या वेटोळ्यात असा प्रवाह फिरवून दाखवला होता. यंत्रातला हा प्रवाह आत कोंडून ठेवण्याचं काम करतो एक छोटासा स्विच, आणि माझ्या मते अतिवाहकतेच्या साऱ्या कहाणीत या भागाइतकी उपेक्षा दुसऱ्या कशाचीच झालेली नाही.

या स्विचमध्ये हलणारं काहीच नाही. वेटोळ्याची दोन टोकं जोडणारा अतिवाहक तारेचा एक तुकडा आणि त्याला लागून एक हीटर, एवढाच त्याचा संसार. प्रवाह भरताना हीटर चालू करतात. तुकडा तापतो, त्यात रोध येतो, म्हणजे स्विच उघडतो, आणि बाहेरचा प्रवाह त्याला टाळून वेटोळ्यात चढतो. हवा तेवढा चढला की हीटर बंद. तुकडा गार होऊन पुन्हा अतिवाहक झाला की पुरवठा सावकाश उतरवतात. मग वेटोळ्यातला प्रवाह त्याच तुकड्यातून वळून परत वेटोळ्यात जातो. आता पुरवठ्याच्या तारा काढून नेल्या तरी हरकत नाही.

नेहमीच्या एमआरआय चुंबकातल्या नायोबियम-टायटेनियमच्या तारेला हे सोपं जातं. द्रव हेलियममध्ये ती 4.2 केल्विनला असते आणि अतिवाहकता सोडते साधारण 9 केल्विनला. चार-पाच अंशांचाच खेळ, त्यामुळे स्विच चटकन उघडतो, चटकन मिटतो.

1986 साली बेडनॉर्झ आणि म्यूलर या शास्त्रज्ञांनी उच्च तापमानी अतिवाहकांचं दार उघडलं. पुढच्याच वर्षी यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड 90 केल्विनच्या वर अतिवाहक असल्याचं दिसलं. जगाने ज्या गुणाचं कौतुक केलं तोच गुण स्विचच्या मुळावर आला. वेटोळं 20 केल्विनला ठेवायचं आणि त्याच्या शेजारचा तुकडा 92 केल्विनच्या पुढे न्यायचा! त्यात तापमान वाढतं तशी पदार्थांची उष्णता सामावण्याची क्षमताही वाढते. तांब्याची ही क्षमता 77 केल्विनला 4 केल्विनच्या सुमारे 2000 पट असते. त्यामुळे तापायला वेळ लागतो, निवायलाही लागतो. स्विच वेटोळ्यापासून उष्णतेच्या दृष्टीने तोडला तर हीटरला थोडी वीज पुरते, पण बंद केल्यावर तो लवकर गार होत नाही. शीतकाशी, म्हणजे गार ठेवणाऱ्या यंत्राशी, घट्ट जोडला तर गार लवकर होतो, पण उघडा ठेवण्यासाठी लागणारी उष्णता थेट शीतकावर येते. या दोहोंमधली जागा शोधणं हीच या स्विचच्या रचनेतली खरी कारागिरी.

रोधाचंही तसंच. 10 हेन्रीच्या वेटोळ्यात सेकंदाला 0.1 अँपिअर या गतीने प्रवाह चढवला तर स्विचवर 1 व्होल्ट येतो. स्विचचा रोध 1 ओहम असेल तर 1 वॅट उष्णता, 10 ओहम असेल तर दशांश वॅट. म्हणून उघडलेल्या स्विचचा रोध भरपूर हवा. या नव्या अतिवाहकाच्या टेपला, म्हणजे पट्टीसारख्या तारेला, संरक्षण म्हणून दिलेलं तांबं मात्र नेमका तोच खाली आणतं. स्विचपुरतं ते काढलं, तर अचानक बिघाड झाल्यावर टेप जळण्याची धास्ती वाढते.

जपानच्या यामानाशी चाचणीमार्गावर 2005 च्या अखेरीस मॅग्लेव्ह गाडी उच्च तापमानी चुंबकांवर ताशी 550 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने धावली. वेटोळी बिस्मथच्या ऑक्साइडची, चांदीच्या आवरणातली, सुमारे 20 केल्विनला. चांदी प्रवाहाला सहज वाट देते, मग त्या तारेचा स्विच रोध कुठून आणणार? म्हणून स्विचसाठी यिट्रियमच्या ऑक्साइडचा पातळ थर घेतला होता. प्रवाह दिवसाला अर्ध्या टक्क्याहून कमी घटत होता. गाडीला तेवढं चालतं.

एमआरआयला चालत नाही. तिथे तासाला एक कोटीव्या भागाएवढी घटही जास्त मानतात. 10 हेन्रीच्या वेटोळ्यात हे साधायचं तर तारेची टोकं जोडणाऱ्या सगळ्या सांध्यांचा मिळून रोध एका ओहमच्या तीन अब्जाव्या भागापेक्षा कमी हवा. आणि उच्च तापमानी अतिवाहकाची टेप सांधणं महाकठीण. सांधताना तापवली की तिच्यातला ऑक्सिजन निघून जातो आणि तो पुन्हा सावकाश भरावा लागतो. जपानच्या रिकेन संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह 2018 साली ही अडचण ओलांडली. 400 मेगाहर्ट्झच्या एनएमआर चुंबकात आतलं वेटोळं नव्या टेपचं, बाहेरचं जुन्या तारेचं आणि प्रवाह पुरवठ्याविना फिरता.

जुन्या पद्धतीच्या एमआरआय चुंबकात हजारभर लिटर किंवा त्याहूनही जास्त द्रव हेलियम असतो आणि भारत हेलियम आयात करतो. 20 केल्विनला, हेलियमच्या टाकीशिवाय, नुसत्या शीतकावर चालणारा चुंबक आपल्या जिल्हा रुग्णालयांना हवाच आहे. त्यासाठी टेप आज बाजारात मिळते, शीतकही मिळतो. स्विच आणि सांधे मात्र अजून प्रयोगशाळेतल्या हातांनीच घडताहेत.