‘थांब’ कोणी म्हणायचं? मिनिकॉम्प्युटरचे प्रिंटर आणि त्यांचे इंटरफेस

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं जुन्या प्रिंटरांवर का बोलावं, असं काहींना वाटेल. पण संवाद म्हणजे काय, हा आमचा जुनाच प्रश्न. सांगणारा वेगवान, लिहून घेणारा सावकाश. मग ‘थांब’ कोणी म्हणायचं? मिनिकॉम्प्युटरच्या काळात या प्रश्नाला तारांमधून निरनिराळी उत्तरं दिली गेली. ती आज ताडून पाहू.

पहिलं यंत्र टेलिटाइप मॉडेल ३३, सन १९६३चं. डेक कंपनीच्या पीडीपी-८ला बहुधा हेच जोडलेलं असे. वेग सेकंदाला १० अक्षरं. जोडणी ‘करंट लूप’ची: २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतोय म्हणजे ‘१’, थांबला म्हणजे ‘०’. आता गंमत बघा. सांगायचं काही नसतं तेव्हाही प्रवाह चालूच असतो. इथली शांतता म्हणजे अभाव नव्हे. ‘मी आहे, पण बोलत नाही’ अशी ती खूण आहे. तार तुटली तर यंत्र गप्प बसत नाही, उलट खडखडत सुटतं. बिघाड लपत नाही.

पण छापताना या यंत्राला ‘थांब’ म्हणता येत नाही. त्याची चाल कॉम्प्युटरनंच सांभाळायची. ओळ संपली की छापणारा भाग डावीकडे परत यायला वेळ लागतो. म्हणून आधी ‘कॅरेज रिटर्न’, मग ‘लाइन फीड’. कागद सरकेपर्यंत तेवढीच सवड मिळते. ही जोडी विंडोजच्या टेक्स्ट फाइलींत आजही आहे.

दुसरं यंत्र डेकचंच, १९७४चं एलए३६ डेकरायटर. ३०० बॉडवर सेकंदाला ३० अक्षरं येतात. परतीच्या वेळात आलेली अक्षरं ते बफरमध्ये ठेवतं आणि मग ६० अक्षरांच्या वेगानं छापून मागची बाकी फेडतं. म्हणजे ‘थांब’ म्हणायची वेळच येऊ देत नाही!

तिसरं उत्तर सेंट्रॉनिक्सचं. त्यांचा मॉडेल १०१ हा १९७०चा. इथं अक्षराचे सगळे बिट शेजारशेजारच्या तारांवरून एकदम येतात. कॉम्प्युटर ‘स्ट्रोब’ देतो, म्हणजे ‘घे’. प्रिंटर ‘बिझी’ म्हणतो, म्हणजे ‘थांब’. आणि ‘अ‍ॅक्नॉलेज’ म्हणजे ‘पोचलं’.

डेटाप्रॉडक्ट्सच्या लाइन प्रिंटरांनी मात्र क्रमच उलटा केला. तिथं प्रिंटर आधी ‘डिमांड’ करतो, ‘आता दे’. मग कॉम्प्युटर अक्षर ठेवून स्ट्रोब देतो. एकात सांगणारा सुरुवात करतो, दुसऱ्यात ऐकणारा.

म्हणून जुन्या प्रिंटरांची तुलना नुसत्या वेगावरून करू नये. आज कुणी असा प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडायला घेतला, तर आधी प्लगचा आकार बघतो. पण प्लग बदलता येतो. व्होल्टेज बदलता येतं. एकापाठोपाठ येणारे बिट एकदमही करता येतात. पण जो प्रिंटर ‘थांब’ म्हणू शकतो, त्याची तेवढी एक तार जोडायची राहिली, तर अक्षरं गळतात आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. तो आपला समजतो, सगळं पोचलं.

माणसामाणसांतही याहून वेगळं काय होतं? विचार करा. प्रश्न असतील तर आता घेऊ.