पत चांगली, तरी कर्ज का नाकारले जाते?

“आमचा सिबिल तर ७८० आहे, मग बँकेने कर्ज का नाकारले?” हा प्रश्न आपल्या व्यापारी बांधवांच्या बैठकीत अलीकडे वारंवार निघतो. विचारणाऱ्याच्या स्वरात आश्चर्यापेक्षा अपमानाची भावनाच अधिक असते, आणि ते स्वाभाविक आहे. ज्याने आजवर कोणाचाही हप्ता थकविला नाही, त्यास नकार ऐकावा लागला म्हणजे आपल्या सचोटीवरच कोणी संशय घेतला असे त्यास वाटते. बहुधा तसा संशय कोणी घेतलेला नसतो. हा गुणांक काय सांगतो व काय सांगत नाही, हे समजून घेतल्यास मनातील किंतु दूर होईल व पुढील अर्ज अधिक विचाराने करता येईल, या हेतूने आम्ही येथे या विषयाची फोड करीत आहोत.

जुन्या पेढीवर कोणी रक्कम मागावयास आला की पेढीवाला मनाशी दोन प्रश्न विचारी. याची नियत कशी आहे, हा पहिला. आणि याची ऐपत किती आहे, हा दुसरा. नियत उत्तम पण ऐपत बेताची, अशा मनुष्यास तो मान देई, परंतु मोठी रक्कम देत नसे. आजचा पतगुणांक यांपैकी केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

या गुणांकाची व्यवस्था आपल्या देशात फार जुनी नाही. सिबिल ही संस्था २००० साली स्थापन झाली, आणि कर्जदारांची माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ साली झाला. आज ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने हे काम करतात. बँका व वित्तसंस्था प्रत्येक कर्जाचा तपशील त्यांस कळवितात. हप्ते वेळेवर गेले काय, क्रेडिट कार्डाची मर्यादा किती वापरली, खाती किती जुनी आहेत, नवीन कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, यांवरून गुणांक निघतो. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० यांच्या दरम्यान असतो.

या यादीत आपले उत्पन्न कोठेही नाही, हे ध्यानात घ्यावे. दुकानाची विक्री, नफा, मालाचा साठा, उधारीची येणी, यांतील काहीही गुणांकात धरलेले नसते. तसेच सौहार्द संस्थेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज वर्षानुवर्षे चोख फेडले, तरी त्याची नोंद तेथे पुष्कळदा पोहोचत नाही. आणि हातउसन्याची तर नाहीच नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कापड दुकानदाराची वार्षिक विक्री १ कोटी २० लक्ष रुपये आहे. आयकराच्या विवरणपत्रात त्याने ६ लक्ष रुपये उत्पन्न दाखविले आहे. घराचा व मोटारीचा मिळून दरमहा ३५,००० रुपये हप्ता तो नियमित भरतो. म्हणून त्याचा गुणांक उत्तम आहे. दुकान वाढविण्यासाठी त्याने १५ लक्ष रुपयांचे, ५ वर्षांच्या मुदतीचे कर्ज मागितले. व्याज दरसाल ११ टक्के धरले तर नवा हप्ता सुमारे ३२,६०० रुपये पडतो. जुने व नवे हप्ते मिळून वर्षाचे ८ लक्ष ११ हजार रुपये होतात, आणि कागदावरील उत्पन्न तर ६ लक्षच! यात घरखर्चाचा एक रुपयाही धरलेला नाही. तेव्हा बँकेचा अधिकारी ‘नाही’ म्हणतो तो हा हिशेब पाहून. गुणांक खरा असतो आणि नकारही योग्य असतो.

यावर कोणी म्हणेल की त्या दुकानदाराचे खरे उत्पन्न याहून अधिक असेल. असेलही, परंतु जे विवरणपत्रात नाही ते बँकेने कोणत्या आधाराने मानावे? १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हापासून विक्रीचे आकडे एका ठिकाणी, उत्पन्नाचे दुसऱ्या ठिकाणी व प्रत्यक्ष जमा बँकेच्या खात्यात, अशा तिन्ही नोंदी कर्ज देणारा शेजारी शेजारी ठेवून पाहतो. त्यांचा मेळ बसला नाही तर गुणांक कितीही मोठा असला तरी अर्ज मागे पडतो. करअधिकाऱ्यापुढे लहान आणि बँकेपुढे मोठे, असे एकाच वर्षी होता येत नाही. कर वाचविल्याचे समाधान मानणाऱ्याने आपली पतही तितकीच आखडली, हे विसरू नये.

दुसरे कारण जामिनकीचे. नात्यागोत्यात व पेठेत एकमेकांस जामीन राहण्याची आपली रीत आहे. परंतु १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. आपण जामीन असलेले कर्ज आपल्या अहवालात दिसते आणि आपली ऐपत मोजताना बँक ते विचारात घेते.

तिसरे, पेढीचा अहवाल व मालकाचा अहवाल हे वेगळे असतात. व्यवसायाच्या कर्जास सिबिल १ ते १० असा क्रमांक देते आणि तेथे १ हा सर्वांत चांगला असतो. भागीदारीत एकाचा गुणांक उत्तम असला, पण दुसऱ्याचे जुने कर्ज थकलेले असले, तर अर्ज अडू शकतो.

चौथे कारण मागणीच्या प्रमाणाचे. लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीने सुचविलेली पद्धत पुष्कळ बँका व्यापाऱ्यांसही लावतात. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २५ टक्के भांडवल लागते असे धरून २० टक्के बँक देते व ५ टक्के व्यापाऱ्याने स्वतःचे घालावयाचे असतात. वरील दुकानदारास या हिशेबाने २४ लक्ष बसतात. त्याने ४० लक्ष मागितले तर शंका येणारच. याखेरीज तारण मिळकतीच्या कागदपत्रांतील दोष, किंवा त्या धंद्यास कर्ज न देण्याचे बँकेचे स्वतःचे धोरण, हीही कारणे असू शकतात. अमुक गुणांकास कर्ज दिलेच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही.

तर नकार आल्यावर काय करावे? प्रथम, कारण लेखी मागावे. अर्ज नाकारताना मुख्य कारण लेखी कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांस दंडक आहे. बँकेने आपला जो पत-अहवाल पाहिला त्याची प्रत मागण्याचा हक्कही २००५ च्या कायद्याने दिलेला आहे. दुसरे, चारही कंपन्यांकडून दर वर्षी एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो अवश्य मागवावा. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही. त्यात फेडलेले कर्ज शिल्लक दिसत असेल किंवा परक्याचे कर्ज आपल्या नावे असेल, तर तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद २०२४ पासून अमलात आहे. तिसरे, रागाच्या भरात एकाच आठवड्यात पाच बँकांकडे अर्ज करू नयेत. प्रत्येक चौकशीची नोंद होते, आणि सहावी बँक त्या नोंदी वाचते.

त्यानंतर आपल्या घरचे पाहावे. लहान कर्जे आधी फेडावीत, मागणी उलाढालीच्या प्रमाणात ठेवावी, कमावत्या मुलास किंवा पत्नीस सहअर्जदार करता येईल काय ते पाहावे, आणि रोजकीर्द, विवरणपत्र व बँकखाते यांत एकच हिशेब राहील अशी व्यवस्था लावावी. या शेवटच्या गोष्टीस दोन-तीन वर्षे लागतात. म्हणून ज्यास पुढे कर्जाची गरज पडणार आहे त्याने ती आजच आरंभावी.

नकाराचे पत्र आले तर ते फाडून टाकू नये, आणि लाजेने लपवूही नये. आपल्या हिशेबनिसास जवळ बसवून ते वाचावे व खतावणी उघडावी. वर सांगितलेल्या कारणांपैकी आपले कोणते, हे बहुतेक वेळा तिच्यातूनच उमगेल.