एकट्या इलेक्ट्रॉनची साक्ष

रशियाच्या दक्षिण उरल भागात तेचा नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या उगमाजवळ १९४८ मध्ये ‘मायाक’ हा प्लुटोनियमचा कारखाना सुरू झाला आणि १९४९ ते १९५६ या काळात त्याचे किरणोत्सारी सांडपाणी नदीत सोडले गेले. खालच्या अंगाला काठाकाठाने वसलेल्या गावांत जवळपास ३० हजार माणसे राहत होती. पिण्याला, गुरांना, भाजीपाल्याला तेच पाणी होते. कारखाना गुप्त, त्यामुळे नदीत काय मिसळले जाते आहे हे गावकऱ्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. किरणोत्सार मोजणारे उपकरण कुणाच्या अंगावर असण्याचा तर प्रश्नच नव्हता. काही दशकांनी या लोकांमधल्या कर्करोगाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला, तेव्हा संशोधक एका साध्या प्रश्नाशी अडले. कुणाच्या वाट्याला किती मात्रा आली?

उत्तराचा एक भाग गावकऱ्यांच्या तोंडात होता. दुखतात म्हणून दंतवैद्याने काढलेले दात जमवण्यात आले. त्यांचे एनॅमल वेगळे करून, बारीक करून, त्यातले जेमतेम १०० मिलिग्रॅम काचनळीत भरून ती नळी एका मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ठेवली गेली. नमुन्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवत नेले, तसा एका ठरावीक जागी आलेखात खाचखळगा उमटला. त्याची उंची म्हणजे त्या माणसाने आयुष्यभरात सोसलेल्या किरणोत्साराचे माप. या तंत्राचे नाव इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स, थोडक्यात ईपीआर. काही क्षेत्रांत त्यालाच इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स किंवा ईएसआर म्हणतात.

प्रत्येक इलेक्ट्रॉनला विद्युतभाराइतकाच अंगभूत असा ‘स्पिन’ हा गुण असतो. उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुण डच भौतिकशास्त्रज्ञांनी १९२५ मध्ये तो सुचवला. स्पिनमुळे इलेक्ट्रॉन अतिसूक्ष्म चुंबकासारखा वागतो. मात्र आपल्या भोवतीच्या बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीने राहतात आणि जोडीतल्या दोघांचे स्पिन एकमेकांविरुद्ध असल्याने त्यांचे चुंबकत्व शून्यावर येते. पाणी, मीठ, साखर, तेल, प्लास्टिक यांच्या शुद्ध नमुन्यांतून ईपीआरला काहीच ऐकू येत नाही. ऐकू येतो तो फक्त जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन. तांबे, मँगनीज, लोखंड यांसारख्या धातूंच्या आयनांत तो असतो, फ्री रॅडिकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रेणूंत असतो, आणि एखाद्या स्फटिकाच्या रचनेतल्या दोषात अडकून पडलेलाही असतो.

असा इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात ठेवला की त्याला दोनच दिशा उरतात: क्षेत्राच्या बाजूने किंवा विरुद्ध. दोन्हींच्या ऊर्जेत थोडा फरक असतो आणि क्षेत्र जितके प्रबळ तितका हा फरक मोठा. बरोबर तेवढ्याच ऊर्जेची लहर आली तर इलेक्ट्रॉन ती शोषून दिशा पालटतो. हेच अनुस्पंदन. प्रयोगशाळांतल्या नेहमीच्या उपकरणात लहरींची वारंवारता सुमारे ९.५ गिगाहर्ट्झ असते आणि मग मुक्त इलेक्ट्रॉन ०.३४ टेस्लाच्या आसपास प्रतिसाद देतो. हे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या काही हजार पट असते. प्रतिसादाची नेमकी जागा ‘जी’ या आकड्याने सांगतात. मोकळ्या इलेक्ट्रॉनसाठी तो २.००२३ आहे. रेणूत किंवा स्फटिकात बसलेल्या इलेक्ट्रॉनसाठी तो थोडा हलतो, पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या दशांशस्थळी, आणि त्या हलण्यावरून इलेक्ट्रॉन कुठे बसला आहे ते ओळखता येते. शेजारी चुंबकीय अणुकेंद्र असेल तर एका रेषेच्या अनेक रेषा होतात. मँगनीजच्या विरल द्रावणातून येणाऱ्या सहा रेषा एकदा पाहिल्या की पुन्हा विसरत नाहीत.

रसायनशास्त्रातल्या इतर अनेक तंत्रांची अडचण गर्दीची असते. नमुन्यातला प्रत्येक रेणू काही ना काही सांगतो आणि हवा तो आवाज निवडावा लागतो. ईपीआरपुढे ही गर्दी मुळात गप्पच असते. हजारो प्रकारच्या रेणूंनी भरलेल्या पेशीत एकाच प्रकारच्या प्रथिनातले तांब्याचे अणू त्याला वेगळे दिसू शकतात. या तंत्राची खरी ताकद त्याला काय दिसत नाही यात आहे.

त्याचा शोध ज्या परिस्थितीत लागला, ती परिस्थिती विज्ञानाला अनुकूल म्हणावी अशी नव्हती. व्होल्गेच्या काठावरच्या कझान विद्यापीठात येवगेनी झावोइस्की हे पदार्थ रेडिओलहरी कसे शोषतात याचा अभ्यास करत होते. १९४१ मध्ये अल्टशुलर आणि कोझिरेव या सहकाऱ्यांबरोबर ते अणुकेंद्रांच्या अनुस्पंदनाच्या मागे होते आणि अधूनमधून खुणा दिसतही होत्या. पण चुंबकीय क्षेत्र पुरेसे एकसारखे नसल्याने त्या पुन्हा पुन्हा मिळेनात. त्याच जूनमध्ये जर्मनीने हल्ला केला. मॉस्को आणि लेनिनग्राडच्या संशोधनसंस्था कझानला हलवल्या गेल्या, जागेची ओढाताण झाली, अल्टशुलर आघाडीवर गेले. झावोइस्कींनी नंतर इलेक्ट्रॉनकडे मोर्चा वळवला आणि १९४४ मध्ये तांबे व मँगनीजच्या क्षारांत त्यांना अनुस्पंदन मिळाले. कॉपर क्लोराइडचा प्रतिसाद १३३ मेगाहर्ट्झला, अवघ्या ४.७६ मिलिटेस्ला क्षेत्रात आला. सूक्ष्मलहरींची साधने त्यांच्याकडे नव्हती. रेडिओच्या पट्ट्यात, स्वतः जुळवलेल्या मंडलांवर हे काम झाले. मॉस्कोतल्या अनेकांना आधी विश्वास बसला नाही.

ऑक्सफर्डमध्ये ब्रेबिस ब्लीनी स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते. युद्ध संपल्यावर रडारसाठी बनलेली सूक्ष्मलहरींची उपकरणे प्रयोगशाळांच्या हाती आली आणि हे तंत्र झपाट्याने पसरले. अणुकेंद्रांच्या अनुस्पंदनाबद्दल ब्लॉख आणि पर्सेल यांना १९५२ मध्ये नोबेल मिळाले. झावोइस्कींना १९५७ मध्ये लेनिन पारितोषिक मिळाले, नोबेल मात्र १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मिळाले नाही. एमआरआयमुळे अणुकेंद्राचे अनुस्पंदन घराघरात पोचले आणि त्याच्याआधी यशस्वी झालेले इलेक्ट्रॉनचे अनुस्पंदन तज्ज्ञांपुरते राहिले, हे झावोइस्कींवर अन्याय करणारे आहे.

आता पुन्हा दाताकडे, कारण या तंत्राचे सगळ्यात विलक्षण काम तिथेच झाले आहे. हाड आयुष्यभर झिजते आणि नव्याने बनते. एनॅमल तसे नाही. ते सुमारे ९६ टक्के खनिज असते, त्यात जिवंत पेशी नसतात आणि एकदा तयार झाले की शरीर त्याची दुरुस्ती करत नाही. या खनिजात थोडे कार्बोनेट मिसळलेले असते. किरणोत्सार त्यातून गेला की इलेक्ट्रॉन जागचे उडतात, आणि कार्बोनेटपासून जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेले एक रॅडिकल तयार होते. स्फटिकाच्या कैदेत ते नेहमीच्या तापमानाला लाखो वर्षे टिकते. एरवी बहुतेक रॅडिकलांचे आयुष्य सेकंदाच्या अंशात मोजावे लागते, हे लक्षात घेतले तर हे टिकणे किती अजब आहे ते कळेल.

हिरोशिमा आणि नागासाकीतून वाचलेल्यांचे दातही असेच जपले गेले. बॉम्बपासून कोण किती अंतरावर, कुठल्या भिंतीआड होते यावरून काढलेल्या मात्रा एका बाजूला आणि दातांनी सांगितलेल्या मात्रा दुसऱ्या बाजूला, असा ताळा त्यामुळे घेता आला. त्यात खाचाखोचा पुष्कळ. पुढच्या दातांवर ऊन पडते आणि उन्हातले अतिनील किरणही तशीच खूण सोडतात, म्हणून दाढा घेणे बरे. दाताचे एक्स-रे काढले असतील तर त्यांची भर वेगळी काढावी लागते. तेचाकाठी आणखी एक गुंता होता. सांडपाण्यातले स्ट्रॉन्शियम-९० शरीरात कॅल्शियमसारखे वागते. ज्या मुलांचे दात त्याच वर्षांत घडत होते त्यांच्या एनॅमलमध्येच ते बसले आणि आतून मारा करत राहिले. त्या वेळी मोठ्या असलेल्यांचे एनॅमल आधीच बनून गेलेले होते, त्यामुळे बाहेरून आलेली मात्रा त्यांच्याच दातांतून अधिक स्वच्छ वाचता येते. एकाच गावातल्या, एकच पाणी प्यालेल्या दोन पिढ्यांचे दात दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

किरणोत्सार फक्त कारखान्यांतून येतो असे नाही. माती, खडक आणि अंतराळातून येणारे किरण यांचा मारा अखंड चालू असतो. म्हणजे मातीत पुरलेला दात हा थेंबाथेंबाने भरणारा रांजणच: पाणी किती साठले आणि दरवर्षी किती थेंब पडतात हे कळले तर रांजण केव्हा ठेवला ते काढता येते. जपानचे मोतोजी इकेया यांनी १९७५ मध्ये अकियोशी गुहेतल्या चुन्याच्या झुंबरांचे वय या पद्धतीने काढून दाखवले. नंतर दातांची पाळी आली. नमुन्याचे भाग करून त्यांना कोबाल्टच्या गॅमा किरणांची ठाऊक असलेली, वाढती मात्रा देतात, प्रत्येक भागाचा संकेत मोजतात आणि रेषा मागे शून्यापर्यंत ओढतात. साठलेली मात्रा अशी मिळते.

इस्राएलमधल्या काफझेह गुहेत आधुनिक मानवाचे सांगाडे सापडले होते. १९८८ मध्ये तिथल्या प्राण्यांच्या दातांवरून त्यांचे वय सुमारे १ लाख वर्षे आले. त्याच प्रदेशातल्या केबारा गुहेतला निअँडर्थल सांगाडा जेमतेम ६० हजार वर्षांपूर्वीचा ठरला होता. निअँडर्थल आधी आणि आपण त्यांच्यातून पुढे, ही सरळ मांडणी त्या आकड्यांपुढे टिकली नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहांमधला ‘होमो नालेदी’ हा त्याहून चकवणारा. छोटा मेंदू आणि जुन्या धाटणीचे शरीर पाहून तो वीस लाख वर्षांपूर्वीचा असेल असा अनेकांचा कयास होता. त्याच्याच दातांवर ईएसआर आणि युरेनियमची पद्धत एकत्र वापरली गेली, भोवतालच्या निक्षेपांची वये जोडीला घेतली गेली, आणि २०१७ मध्ये उत्तर आले: २ लाख ३६ हजार ते ३ लाख ३५ हजार वर्षे. म्हणजे आफ्रिकेत आपले पूर्वज घडत होते तेव्हा तोही तिथेच होता.

पद्धतीचा नाजूकपणा मोरोक्कोतल्या जेबेल इरहूदने दाखवून दिला. तिथल्या एका जबड्याच्या दाताचे वय २००७ मध्ये १ लाख ६० हजार वर्षे काढले गेले. पुढे नवे उत्खनन झाले, भोवतालच्या थरांतून दाताला वर्षाला किती मात्रा मिळते ते जागेवर नव्याने मोजले गेले, आणि २०१७ मध्ये तेच वय २ लाख ८६ हजारांवर गेले. भाजलेल्या गारगोटीच्या हत्यारांवरून वेगळ्या पद्धतीने काढलेले ३ लाख १५ हजार वर्षांचे वय त्याच्याशी जुळले. दात तोच, चुकले होते ते वर्षाला पडणाऱ्या थेंबांचे गणित. वयाच्या आकड्यापुढे छापलेली ‘अधिक-उणे ३२ हजार’ ही खूण अशा वेळी आकड्याइतक्याच गांभीर्याने वाचावी.

हीच मोजणी रोजच्या व्यवहारातही उतरली आहे. वाशीतल्या प्रकल्पात मसाल्यांवर आणि लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रात कांदा, आंबा यांवर गॅमा किरणांची प्रक्रिया होते. २००७ पासून अमेरिकेला जाणारा हापूस-केसर याच प्रक्रियेतून गेला. अशाने अन्न किरणोत्सारी होत नाही, पण प्रक्रिया केल्याचे वेष्टनावर सांगावे लागते. सांगितले नाही तर तपासायचे कसे? मांसातले हाड, पिस्त्याचे कवच, मिरचीपुडीतले सेल्युलोज, बेदाण्यातले साखरेचे कण या कोरड्या, घट्ट जागी रॅडिकल अडकून राहतात. युरोपात ईपीआरने ते शोधण्याची प्रमाणित पद्धत ठरलेली आहे. ताज्या, पाणीदार गरात मात्र रॅडिकल लगेच विरून जातात, तिथे ही परीक्षा चालत नाही. उलट बाजूने, इंजेक्शनच्या सुया, पट्ट्या यांच्या निर्जंतुकीकरणात पुरेशी मात्रा मिळाली का हे अ‍ॅलानीन या अमिनो आम्लाच्या गोळीने पाहतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अशा गोळ्या टपालाने पाठवून परत आलेल्या गोळ्या ईपीआरवर वाचल्या आहेत.

जीवशास्त्रात सुरुवातीला या तंत्राने न ओळखलेल्या गोष्टी दाखवल्या. हेल्मुट बायनर्ट यांना १९६० च्या सुमारास मायटोकाँड्रियात ‘जी = १.९४’ असा संकेत दिसला, जो त्या वेळी ठाऊक असलेल्या लोहाच्या कुठल्याच प्रथिनाशी जुळत नव्हता. त्यातून लोह-गंधक प्रथिनांचे अख्खे कुटुंब उजेडात आले, आणि श्वसनाची साखळी त्यांच्यावर चालते हे कळले.

पण ज्या रेणूत एकटा इलेक्ट्रॉन नाहीच, त्याचे काय? स्टॅनफर्डच्या हार्डेन मॅककॉनेल यांनी १९६५ मध्ये यावर सुंदर तोड काढली: एक स्थिर रॅडिकल रेणूला बाहेरून चिकटवायचे. त्याला ‘स्पिन लेबल’ म्हणतात. त्यांचा विद्यार्थी रॉजर कॉर्नबर्ग याने १९७१ मध्ये दाखवले की पेशीपटलातले लिपिड आपल्या थरात सैरावैरा फिरतात, पण एका थरातून पलीकडच्या थरात उलटायला त्यांना कित्येक तास लागतात. कॉर्नबर्ग यांना पुढे, २००६ मध्ये, वेगळ्याच कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वेन हबेल यांनी प्रथिनात हव्या त्या जागी लेबल बसवण्याची पद्धत घडवली. हरगोविंद खोराना यांच्या गटाबरोबर त्यांनी १९९६ मध्ये डोळ्यातल्या ऱ्होडोप्सिन या प्रथिनावर दोन लेबले बसवली आणि प्रकाश पडताच त्याची एक सर्पिल दांडी बाहेर झुकते हे दाखवले. पाहण्याच्या क्रियेतली ही हालचाल क्ष-किरणांच्या स्थिर चित्रात पकडता येण्याआधीच अशी समजली होती.

झावोइस्कींच्या क्षारांत अब्जावधींच्याही अब्जपट इलेक्ट्रॉन एकत्र बोलत होते. १९९७ मध्ये हिऱ्यातल्या नायट्रोजनशेजारच्या एकाच दोषातले अनुस्पंदन लेसरच्या साहाय्याने पाहिले गेले. २०१५ मध्ये आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या आल्मादेन प्रयोगशाळेत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पातळ थरावर लोखंडाचे सुटे अणू ठेवले गेले. टनेलिंग सूक्ष्मदर्शकाचे टोक त्यातल्या एकावर नेऊन त्या एका अणूचा ईपीआर संकेत नोंदला गेला. काही वर्षांत तंत्र इतके नेमके झाले की त्याच टोकाखालच्या अणूचे केंद्र कोणत्या समस्थानिकाचे आहे, हेही रेषांच्या फुटण्यावरून सांगता येऊ लागले.