गोळीची जखम आणि मृत्यूचा प्रकार

गोळी लागून मृत्यू झाला, एवढे ठरवणे शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला सहसा कठीण जात नाही. ती गोळी कोणाच्या हातून, कोणत्या स्थितीत आणि कोणत्या हेतूने सुटली, हा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. न्यायवैद्यकशास्त्र म्हणूनच मृत्यूचे कारण आणि मृत्यूचा प्रकार यांत भेद करते. छातीतील मोठी रक्तवाहिनी फाटून झालेला रक्तस्राव हे कारण झाले. तो मृत्यू खून होता, आत्महत्या होती की अपघात, हा झाला प्रकार. आणि पुरावा अपुरा असेल तर 'अनिर्णीत' असे नोंदवणे हेही प्रामाणिक उत्तरच असते. शरीर पहिल्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ पूर्ण देते, दुसऱ्याचे अर्धेच देते, आणि उरलेला भाग घटनास्थळ, शस्त्र व माणसांचे वर्तन यांतून शोधावा लागतो.

जखमेने दिलेली सर्वांत भरवशाची माहिती म्हणजे अंतर. बंदुकीच्या नळीतून गोळीबरोबर ज्वाला, तप्त वायू, काजळी आणि पूर्ण न जळलेल्या दारूचे कण बाहेर पडतात, आणि यांतील प्रत्येकाचा पल्ला निराळा असतो. नळीचे तोंड कातडीला टेकवून गोळी झाडली तर हे सर्व जखमेच्या आत शिरते. कवटीसारखे हाड लगेच खाली असेल तर वायू कातडी आणि हाड यांच्यामध्ये कोंडून कातडी आतून फाडतात, म्हणून जखम चांदणीच्या आकाराची दिसते आणि कधी कधी तिच्याभोवती नळीच्या तोंडाचा ठसाही उमटतो. नळी काही सेंटिमीटर दूर असेल तर जखमेभोवती काजळी बसते, आणि ती ओल्या कापसाने पुसता येते. त्याहून दूर गेल्यावर काजळी विरते, परंतु दारूचे कण कातडीत रुतून बारीक ठिपके उमटतात; त्यांना गोंदण म्हणतात आणि ते पुसून जात नाहीत. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत गोंदणाचा पल्ला साधारणपणे हाताच्या लांबीइतका असतो. त्यापलीकडून आलेली गोळी फक्त भोक आणि त्याच्या कडेला खरचटीचे वलय ठेवून जाते, आणि मग ती दोन मीटरवरून आली की वीस, हे जखम सांगू शकत नाही. हे पल्लेही शस्त्र आणि काडतूस यांप्रमाणे बदलतात, म्हणून काळजीपूर्वक काम करणारी प्रयोगशाळा पुस्तकातील आकड्यावर न विसंबता तेच शस्त्र आणि त्याच जातीचे काडतूस घेऊन कापडावर निरनिराळ्या अंतरांवरून चाचणी घेते. छर्ऱ्यांच्या बंदुकीत अंतर मोजण्याची रीत वेगळी आहे: छर्रे जितके फाकलेले, तितकी बंदूक दूर.

अंतराखालोखाल महत्त्वाची ठरते ती दिशा. गोळी आत शिरते तेथे कातडी ताणली जाऊन कडेला खरचटते आणि वलय तयार होते. ते सर्व बाजूंनी सारखे असेल तर गोळी सरळ आली, एका बाजूला रुंद असेल तर त्या बाजूने तिरपी आली. बाहेर पडण्याची जखम बहुधा मोठी व वेडीवाकडी असते, पण 'मोठी ती बाहेरची' हा लोकप्रिय नियम फसवा आहे, कारण नळी टेकवून झाडलेल्या गोळीची आत शिरणारी जखमच कित्येकदा अधिक फाटलेली असते. कवटी येथे अधिक विश्वासू साक्षीदार ठरते: आत शिरताना हाडाचे भोक आतल्या बाजूला रुंदावते, बाहेर पडताना बाहेरच्या बाजूला.

आत्महत्येची शंका असते तेव्हा जागा आणि पोच पाहतात. कानशील, तोंड, हनुवटीखालची जागा आणि हृदयावरची छाती येथे नळी टेकवलेली जखम आत्महत्येशी जुळते, तर पाठीवर दुरून लागलेली गोळी जुळत नाही. लांब नळीची बंदूक असेल तर मृताचा हात घोड्यापर्यंत पोचत होता काय, हे प्रत्यक्ष मोजतात. तरीही यांतला एकही निकष एकट्याने पुरेसा नाही. खुनीही नळी कानशिलाला टेकवू शकतो, आणि एकाहून अधिक गोळ्या स्वतःवर झाडल्याची उदाहरणे न्यायवैद्यक साहित्यात नोंदलेली आहेत. हातावर सापडणाऱ्या शिसे, बेरियम आणि अँटिमनी यांच्या सूक्ष्म कणांबद्दलही असेच म्हणावे लागते, कारण गोळी झाडणाऱ्याच्या हातावर ते बसतात तसे शेजारी उभ्या असलेल्याच्या किंवा शस्त्र पकडू पाहणाऱ्याच्या हातावरही बसू शकतात.

मुंबईतील नानावटी खटला या मर्यादेचा उत्तम नमुना आहे, जरी तो लोकांच्या स्मरणात वेगळ्याच कारणांनी राहिला. 27 एप्रिल 1959 रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांच्या रिव्हॉल्व्हरमधून तीन गोळ्या सुटून प्रेम आहुजा यांचा त्यांच्या राहत्या घरी मृत्यू झाला. बचाव पक्षाचे म्हणणे असे की, रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली आणि तीत गोळ्या सुटल्या. शवविच्छेदनात उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली छातीत शिरलेली एक जखम आढळली, आणि तिच्या उजव्या बाजूला खरचटीचे वलय होते; डाव्या हाताच्या करंगळी व अनामिका यांच्यामधून आरपार गेलेली दुसरी होती; डोक्याच्या डाव्या बाजूला हाडात पन्हळ पाडणारी तिसरी होती; आणि डाव्या हाताच्या दोन बोटांच्या मागच्या अंगाला दारूच्या कणांचे गोंदण होते. बोटांवरचे गोंदण नळी हाताजवळ होती हे निश्चित सांगते, परंतु तो हात शस्त्र हिसकावण्यासाठी पुढे आला होता की जीव वाचवण्यासाठी आडवा धरला होता, हे मात्र सांगत नाही; दोन्ही कथा त्याच ठिपक्यांवर उभ्या राहू शकतात.

अखेर नानावटी यांना दोषी ठरवणाऱ्या निकालाला आधार मिळाला तो प्रामुख्याने जखमांबाहेरच्या गोष्टींतून. आहुजा नुकतेच स्नानगृहातून आले होते आणि त्यांच्या कमरेचा टॉवेल मृत्यूनंतरही अंगावर होता, तेव्हा जोरदार झटापटीत तो सुटला कसा नाही, हा प्रश्न उभा राहिला. गोळ्या एकापाठोपाठ झपाट्याने सुटल्या होत्या. आणि घटनेनंतर लगेच नानावटी यांनी अपघात झाल्याचे कोणालाही सांगितले नव्हते. रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीसाठी घोडा स्वतंत्रपणे ओढावा लागतो, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. सत्र न्यायालयातील ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी नानावटी यांना निर्दोष ठरवले, न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले, तेथे खुनाचा दोष सिद्ध झाला, आणि 24 नोव्हेंबर 1961 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

आज अशा मृत्यूची नोंद पोलीस बहुधा प्रथम 'अकस्मात मृत्यू' म्हणून करतात, पंचांसमक्ष पंचनामा होतो आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली चौकशी चालते; मुंबईतील गोळ्या, काडतुसे आणि कपडे तपासणीसाठी कालिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. परंतु पुराव्याचा घात बहुतेक वेळा त्याआधीच होऊन गेलेला असतो. जखमी जिवंत असताना रुग्णालयात आणला गेला तर कपडे घाईने कापले जातात, आणि कात्री नेमकी गोळीच्या भोकातून जाते. जखम धुतली जाते आणि काजळी निघून जाते. रक्त काढण्याची नळी घालण्यासाठी गोळीचेच भोक रुंद केले जाते. प्राण वाचवणे हे डॉक्टरचे पहिले काम असल्याने यात त्याचा दोष काढता येत नाही. मृतदेहाचे हात कागदी पिशव्यांत बांधणे, कपडे सावलीत वाळवून वेगवेगळे गुंडाळणे, शवविच्छेदनापूर्वी क्ष-किरण चित्र काढणे आणि गोळी उघड्या धातूच्या चिमट्याने न पकडणे, जेणेकरून नळीतील आट्यांच्या खुणा ओरखड्यांखाली बुजणार नाहीत, या साध्या रीती मात्र पाळता येण्याजोग्या आहेत, आणि त्या पाळल्या नाहीत तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखे पुढे फारसे काही उरत नाही.